आमचा माल परत आला होता

महापालिकेच्या भांडार विभागातल्या त्या साहेबांना गणवेश सरळ बघताच येत नाही. हातात आला की आधी उलटा करतात, शिवण ओढून बघतात, मग नुसतं "हं". माणूस भोसरीचा जुना गावकरी, बोलणंही अजून गावचंच. शाळांचे गणवेश शहरातल्या बचत गटांकडूनच शिवून घ्यायचे, ही अट निविदेत त्यांनीच भांडून घातली. म्हणून तर काम आमच्या दिघीच्या गटाला मिळालं. आणि पहिलाच माल त्यांनीच परत पाठवला!

"ताई, काखेत उसवतंय. पोरं खेळणार हायेत ह्यात."

त्यांच्या नावानं बोटं मोडत आम्ही सगळ्या शर्टांना दुहेरी शिवण घातली.

यंदा, काम हातचं गेलेला एक व्यापारी आमच्यादेखत त्यांना म्हणाला, "बायका म्हणून सांभाळून घेता राव तुम्ही."

साहेबांनी आमचा शर्ट उलटा करून त्याच्यापुढे टाकला. "वढा. ह्यांचाबी माल परत धाडलाय मी. सांभाळून कुणालाच घेतलं न्हाई."

त्यानं जोर लावून ओढला. शिवण जागची हलली नाही.

गटात नवी बाई आली की मी तिला पहिल्यांदा तेच सांगते, मान ताठ करून: आमचा माल एकदा परत आला होता.