टाकीला लावलेला साबण

कपड्यांच्या पिवळ्या साबणाचा वास आला की दिल्लीतलं आर. के. पुरमचं आमचं सरकारी क्वार्टर आठवतं. शेजारी नव्या गाड्या बुक करत होते आणि बाबा आपल्या तरुणपणच्या मोटारसायकलला चिकटून होते. एका रविवारी तिची टाकी ठिबकू लागली. मी पेट्रोल काढलं, चीर शोधली आणि कोरडा साबण घासून घासून बुजवली. धाकटा भाऊ आत क्रिकेट बघत होता. गळती थांबल्यावर बाबांनी चक्कर मारायला किल्ली त्याला दिली. “बाबा, मी नेते ना.” “तू आधी हात धू, पेट्रोलचा वास येतोय.” नळाखाली हात धरून मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. गाडी आता दिल्लीतल्याच द्वारका भागात, त्याच्याच सोसायटीत असते. परवा त्याचा फोन आला, “ताई, यार, टाकी परत गळतेय. तू तेव्हा काय लावलं होतंस?” म्हटलं, “हात धुतेय रे, नंतर बोलू.”