कळल्यापासून दहा दिवस

लीलाबाईंनी चौतीस वर्षं रोज स्वयंपाक केला आणि ओट्याजवळ उभं राहून त्याची चव एकदाही घेतली नाही. सोलापुरात एका अरुंद बोळाच्या तोंडाशी दत्ताचं लहानसं देऊळ आहे. मागच्या दोन खोल्यांत त्या राहतात. त्यांचे यजमान नारायणराव तिथले पुजारी. दुपारी बाराला देवाला नैवेद्य, आणि नैवेद्याची चव आधी बघायची नसते. मीठ हाताच्या अंदाजानं, तिखट रंगावरून, आमटी झाली की नाही ते वासावरून. ताट गाभाऱ्यात जायचं, परत यायचं, मग नारायणराव जेवायचे आणि सगळ्यांत शेवटी लीलाबाई. तोवर भात निवलेला असायचा. रोजचंच झालं की तक्रारही जिभेवरून निघून जाते.

मुलगी देवयानी नोएडाला नोकरीत होती. मार्चमध्ये तिला कंपनी परदेशी पाठवणार होती. दिवाळीत तिनं फोनवर विषय काढला.

"आई, मी इथं आहे तोवर दिल्ली बघून जा. दोन-तीन दिवस फक्त. नंतर राहिलंच."

अडचण पूजेची होती. घरात सुतक आलं की नारायणरावांना देवाला शिवता यायचं नाही, तेव्हा लीलाबाईंचा भाऊ विजापूरहून यायचा आणि दहा दिवस पूजा करून जायचा. त्याचं गोत्र वेगळं, त्याला यांच्या घरचं सुतक नाही. सुतकासाठी असा माणूस मिळायचा. सहलीसाठी कुणी कुणाला बोलावत नसे, आणि नारायणरावांच्या तोंडून तो शब्द निघणंही अवघड होतं. त्यांना आजवर जी काही सुट्टी मिळाली ती कुणीतरी मेल्यावरच. यंदा मात्र भावाचा मुलगा अवधूत बदली होऊन सोलापूरच्या शाळेत मास्तर म्हणून आला होता. तोच म्हणाला, "आत्या, मी करतो की. पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न."

मग लीलाबाईंनी देवयानीची एक जुनी, अर्धी कोरी वही काढली. पहिल्या पानावर लाल किल्ला. दुसऱ्यावर कुतुबमिनार, हुमायूनची कबर. तिसऱ्यावर राष्ट्रपती भवन, पण लांबूनच. प्रत्येक पानाच्या खालच्या अर्ध्या भागात खायचं काय, ते लिहिलेलं. ती यादी वरच्या यादीपेक्षा मोठी होत गेली.

"त्या गल्लीत पराठे मिळतात ना, ते समोर तळतात?" त्यांनी फोनवर विचारलं.

"समोरच. कढईतून थेट तुझ्या ताटात."

"मग मी आधी बसणार. बाबांना नंतर वाढू देत."

देवयानी खूप हसली.

नारायणराव रोज संध्याकाळची आरती झाली की एकच प्रश्न विचारायचे.

"तिथं कांदा-लसणाशिवाय मिळतं का?"

"मिळतं म्हणाली."

"लिही."

दुसऱ्या दिवशी, "थंडी किती?"

"कानटोपी लागेल म्हणाली."

"लिही."

एवढंच. त्यांना जायचंय की बायकोपायी निघालेत, हे लीलाबाईंना कळत नव्हतं. फक्त एकदा पंचांग पुसताना त्यांना मागच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेली स्टेशनं दिसली. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, जेऊर, दौंड. तिथून थेट दिल्लीपर्यंत. गाडी जिथं थांबत नाही तीसुद्धा.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी म्हाळसाबाई फुलं घेऊन आली. ती जवळच्या कुंभारी गावची. रोज पहाटे उठून फुलं तोडते आणि आठाच्या आत देवळात पोचवते.

"वैनी, बोचकं बांदलं का?"

"बांधतेय. कडक भाकरी आणि शेंगाचटणीच मावेना."

"आन देव कुनाच्या गळ्यात मारला?"

"अवधूतच्या."

"त्या मास्तरच्या? पोरांवर वरडतंय तसं देवावर वरडंल की त्यो."

"गप गं. दिल्लीहून काय आणू तुला?"

"मला काय नगं." म्हाळसाबाईनं टोपली रिकामी केली. "तुमी तेवढं गरम गरम खाऊन या. आमी हाय रानातली मानसं, पर तव्यावरची भाकरी हातात घिऊन चुलीपशीच खातो. तुमी एवढं देवाच्या शेजारी ऱ्हाऊन शिळं खाताय, ह्ये काय मला पटत न्हाय."

"शिळं नाही गं, निवलेलं."

"तेच की."

ती गेली. साडेनऊला माढ्याहून फोन आला. चुलतजाऊ विजयमाला बोलत होती.

"लीलाताई, बापूकाका गेले. पहाटे, झोपेतच. भावजींचा फोन लागत नाही."

"पूजेत आहेत."

"त्यांना तेवढं कळवा. इकडं धावत यायची गरज नाही म्हणावं, दहा वाजता नेतायत. दहाव्याला या."

"सांगते," लीलाबाई म्हणाल्या.

भिंतीपलीकडं अभिषेकाचं पाणी पडत होतं. एक हाक मारली असती तर पुरलं असतं. त्यांनी हाक मारली नाही.

बापूकाका म्हणजे भाऊकीतले. दहा दिवसांचं सुतक. सुतकात फिरायला जायचं नाही, बाहेर काही खायचं नाही, गोड तर नाहीच. पण सुतक लागतं ते कळल्यापासून. ज्याला कळलं नाही, तो शुद्ध. मध्येच कळलं तर उरलेले दिवस पाळायचे. हे सगळं नारायणरावांनीच बोळातल्या कितीतरी लोकांना पंचांग उघडून सांगितलेलं लीलाबाईंनी ऐकलं होतं. उद्या सकाळी गाडी. परत यायला सहावा दिवस. तेव्हा सांगितलं तर चार दिवस उरतील. आणि सुतक असो की सहल, उद्यापासून गाभाऱ्यात अवधूतच असणार होता. देवाच्या बाजूनं काहीच बदलत नव्हतं.

फक्त आजचा नैवेद्य होता.

नारायणरावांना कळलं नव्हतं, पण लीलाबाईंना कळलं होतं. त्यांच्या हातचं आज देवाला चालणार नव्हतं. बरं वाटत नाही म्हणावं, तर नारायणराव दूध-साखर दाखवतील, आणि संध्याकाळपर्यंत तिकिटंही रद्द करून टाकतील. तसल्या अवस्थेत बायकोला गाडीत बसवणारा तो माणूस नव्हता. म्हणून त्यांनी तांदूळ धुतले. डाळ लावली. हात सवयीनं चालत राहिले आणि मन माढ्याला जाऊन बसलं.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माढ्याला एक मुंज होती. सकाळपासून त्या पुऱ्या लाटत होत्या. पुरुषांची पंगत बसायच्या वेळी बापूकाका स्वयंपाकघराच्या दारात आले आणि म्हणाले, "ही नवी सून पहाटेपासून उभी आहे. हिला आधी वाढा." बायका हसल्या. सासूबाईंनी तोंड फिरवलं. काका हलेचनात. शेवटी लीलाबाईंना तिथंच पाटावर बसवलं आणि कढईतली पुरी थेट पानात पडली. इतकी गरम, की धरवेना. "फुंकर मार की," काका म्हणाले, आणि निघून गेले. त्यानंतर त्यांच्याशी लीलाबाईंचं कधी फारसं बोलणंही झालं नाही. एवढंच.

आज त्या माणसाचं मरण त्यांनी डब्यात झाकण लावून ठेवावं तसं ठेवलं होतं, पुन्हा एकदा गरम खायला मिळावं म्हणून.

पावणेबाराला भाताला वाफ आली. ताट वाढलं. भात, वरण, तूप, भाजी, दोन पोळ्या, लिंबाची फोड. तुळशीचं पान ठेवायला हात पुढं गेला तो मध्येच थांबला. कितीतरी वेळ त्या पान चिमटीत धरून उभ्या होत्या. मग त्यांनी पान बाजूला ठेवलं, भात-वरणाचा एक घास कालवला आणि तोंडात घातला.

जीभ पोळली. मीठ बरोबर होतं. चौतीस वर्षं रोज ताट आत गेलं की त्या अंदाज चुकला असेल का म्हणून धसकून बसायच्या. बाकी काही विशेष नव्हतं. भात भातासारखाच लागला.

नारायणराव सोवळ्यात दाराशी आले.

"झालं?"

"ताट नेऊ नका. मी उष्टं केलंय."

त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ते ताटाकडं बघत राहिले. भाताच्या मुदीला एका बाजूनं खळगा पडला होता.

"माढ्याचे बापूकाका गेले," लीलाबाई म्हणाल्या. "पहाटे. विजयमालाचा फोन होता."

"कधी आला?"

"साडेनऊला."

नारायणराव उंबऱ्यावर बसले. रागावतील, असं लीलाबाईंना वाटलं. चौतीस वर्षांचा नेम, देवाचं ताट. पण बोटांची पेरं मोजावीत तसा नुसता त्यांचा अंगठा हलत होता. ते दिवस मोजत नव्हते, ओठांवर स्टेशनांची नावं होती.

"माढा मागं पडल्यावर सांगायचं होतंस," ते हळूच म्हणाले. "गाडी तिथं थांबत नाही."

लीलाबाईंचा एक हात अजून खरकटाच होता.

"अवधूतला फोन कर. आजपासूनच ये म्हणावं." ते उठले. अंघोळीच्या मोरीशी जाऊन थांबले. "आणि तू जेवून घे. गरम आहे तोवर."

"माझीही अंघोळ व्हायचीय," लीलाबाई म्हणाल्या.

त्यांनी ताटावर दुसरं ताट उपडं घातलं. अवधूतला फोन केला. देवयानीला करायचा होता, तो केला नाही. आत नारायणरावांच्या अंगावर तांब्यामागून तांब्या पाणी पडत राहिलं, रोजच्यापेक्षा खूप वेळ. ते बाहेर आल्यावर त्या गेल्या. केस पुसत परत आल्या तेव्हा देवळात घंटा वाजली. अवधूत पोचला होता, त्यानं वाटीत दूध-साखर नेऊन दाखवलं होतं.

मग त्यांनी नारायणरावांचं पान वाढलं. ते खाली बघून जेवले आणि उठले. त्यानंतर लीलाबाईंनी ते झाकलेलं ताट पुढं ओढलं. भात निवला होता, तुपाचा पांढरा थर धरला होता.