गच्चीवर दिलेला सल्ला

सोलापुरातली बाकीची माणसं कुठेतरी पोचण्यासाठी गाडी घेतात; आमच्या दाजींनी ती वाटेत थांबण्यासाठी घेतली होती, असं माझं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. होटगीच्या स्टेशनात रेल्वेच्या नोकरीत त्यांचा उभा जन्म गेला. निवृत्त झाल्या दिवशी त्यांनी हातातलं घड्याळ काढून कपाटात ठेवलं ते परत बांधलं नाही. उशिरा येण्याबद्दल कुणी काही बोललं की म्हणत, "लोकाच्या गाड्या मिनिटाच्या ठोक्याला सोडल्या की वो. आता माज्या गाडीला येळ झाला तर मेमो कुनाला देताव?" अक्काचं लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांचा, हाफ पँटीतला. पण बायकोचा भाऊ म्हणजे मानाचा माणूस, म्हणून दाजींनी त्या दिवसापासून मला 'पाव्हणं' म्हणायला आणि अहो-जाहो करायला सुरुवात केली. शाळेत मास्तर माझे कान पिळत होते, त्याच काळात पंचविशीतले, भरघोस मिशांचे हे गृहस्थ जेवताना मला गंभीरपणे विचारायचे, "पाव्हणं, तुमचं मत काय?" याचा माझ्या स्वभावावर जो काही वाईट परिणाम झाला असेल त्याला दाजीच जबाबदार आहेत. आपल्या मताला वजन असतं असं मला फार लहानपणीच वाटायला लागलं.

ती गाडी त्यांनी पंचवीसेक वर्षांपूर्वी नाशिकहून आणली, तीही जुनीच. मूळचा रंग पांढरा असावा, असं कागदपत्रांवरून समजत असे. डावीकडचं मागचं दार फक्त बाहेरून उघडायचं, त्यामुळे तिथे बसलेल्या माणसाला उतरवून घ्यायला कुणीतरी यावंच लागे. अक्का नेहमी तिथेच बसायची, आणि म्हणून सगळ्या सोलापुरात दार उघडून जिचं स्वागत होतं अशी ती एकटीच बाई होती. खिडकीची काच वर राहावी म्हणून फटीत लग्नपत्रिकेची घडी खोचलेली असे. डिकीत पाण्याचे दोन कॅन, पाने-पक्कड, वायरचं भेंडोळं आणि एक सतरंजी. सतरंजी कशाला, असं मी एकदा विचारलं, तर दाजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "झाडाखाली बसायला. उभ्या उभ्या किती येळ थांबनार मानूस?"

या गाडीला ऐकू येतं, अशी दाजींची पक्की समजूत होती. एकदा होटगी रोडवर अक्का वैतागून म्हणाली, "आता ही काडून टाका, दुसरी घ्या," आणि गाडी त्याच जागी बंद पडली. तेव्हापासून गाडीदेखत तिला विकायची भाषा करायची नाही, असा घरात नियम झाला. पण बाईमाणसाच्या पोटात बोलणं राहणार किती? त्यावर दाजींनीच तोड काढली. त्यांचं गाव वळसंगच्या पुढं, आतल्या बाजूला. घरी निम्मी कानडी चालते आणि सासरी जाऊन अक्काही ती शिकली. गाडी पडली नाशिकची, तिला कानडी कुठून समजणार? तेव्हा गाडीत बसून हे दोघे अगदी गुपित सांगितल्यासारखं कानडीत बोलत. "ई गाडी मारबेकु री," म्हणजे 'ही गाडी विकायला हवी हो', असं अक्का हळूच म्हणायची आणि दाजी नुसते "हूं, हूं" करायचे. मी मागच्या सीटवर, अक्काच्या शेजारी. न राहवून एकदा म्हणालो, "दाजी, इतकी वर्षं अक्कलकोट रोडवर फिरतेय ती. एव्हाना तिला कानडी येत नसेल कशावरून?" दाजींनी गाडी कडेला घेतली. खरोखर विचार केला. "व्हय की," म्हणाले. त्यानंतर हा विषय फक्त घराच्या गच्चीवर निघू लागला, आणि तिथेही कुजबुजत.

दर आठवड्याला दाजी गावाकडे शेतावर एक चक्कर मारत. जेमतेम पाऊण-एक तासाचा रस्ता. दाजी सकाळी सातला निघत आणि दुपारी बारापर्यंत पोचत. मधला वेळ रेडिएटर, फॅनबेल्ट, क्लचची वायर यांपैकी ज्याची पाळी असेल त्याला जाई. एका उन्हाळ्यात वळसंगच्या अलीकडे एका वस्तीसमोर रेडिएटर उकळला, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या मावशींनी घागरभर पाणी दिलं, मग चहा दिला, मग जेवायलाच घातलं. पुढच्या आठवड्यात दाजी त्यांचा मोडका चष्मा सोलापुरातून दुरुस्त करून घेऊन गेले. गंमत म्हणजे त्या दिवशीही रेडिएटर नेमका त्याच वस्तीसमोर उकळला. असं करत करत त्या सगळ्या रस्त्यावर त्यांचा गोतावळा झाला. कुणाचं औषध न्यायचं, कुणाच्या साडीला फॉल लावून आणायचा, कुणाच्या नातवाचा फॉर्म भरायचा. येताना गाडीत चिंच, हुरडा, शेंगा. अक्काच्या घरी येणाऱ्या लग्नपत्रिकांतल्या निम्म्या या रस्त्यावरच्या असायच्या. मी एखादी पत्रिका उचलून "हे कोण?" म्हटलं की दाजी नाव सांगत नसत. "ते व्हय, फॅनबेल्टवालं," किंवा "हे क्लचच्या वायरचं घर. चांगली मानसं हायेत." त्या मावशींना तर आमच्या घरात सगळेच 'रेडिएटरच्या मावशी' म्हणतात. त्यांच्या सुनेलाही आता ते नाव माहीत झालं आहे.

गाडीचा आवाज अर्ध्या मैलावरून ओळखू यायचा. मी एकदा बरोबर होतो, तेव्हा आम्ही पोचायच्या आधीच मावशी घागर घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. मी तेव्हा खूप हसलो होतो.

मागच्या वर्षी मात्र गाडीने खरंच मान टाकली. धूर येऊ लागला, चढावर ओढेना. दाजींचा नेहमीचा मिस्त्री दोन दिवस बोनेटमध्ये डोकं घालून बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "इंजन उतारना पडता, दाजी. उतार के पूरा काम करे तो पाँच-छे साल कुच नै होता. नै तो बेच डालो. मैं दोनों को तय्यार हूँ." दाजी तयार नव्हते. पुढचे पंधरा-वीस दिवस त्यांनी भेटेल त्याला विचारलं, 'दुरुस्त करू की बदलू?' रस्त्यावरचे सगळे एकमुखाने म्हणाले, दुरुस्त करा. मावशी तर म्हणाल्या म्हणे, "नवी गाडी हितं थांबंल व्हय?" अक्का नेहमीची "बदला" म्हणणारी. पण तीही ऐनवेळी म्हणाली, "करा काय करायचं ते. मला त्या दाराची सवय झालीया."

नेमका त्याच दिवसांत माझ्या मुलीचा साखरपुडा झाला. सासरची माणसं पुण्याची, बोलायला गोड पण नीटनेटकी. आपल्या घरात काय काय नीटनेटकं नाही ते अशा माणसांसमोर एकदम दिसायला लागतं. जेवणं झाल्यावर दाजी उठले आणि व्याह्यांना म्हणाले, "नवरीला कार्यालयात मी आननार. माज्या गाडीतनं. जल्मली तवा दवाखान्यातनं घरी मीच आनलीया तिला." व्याही हसले. मग त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. खाली दाजींची गाडी उभी होती आणि तिच्यातून ठिबकणाऱ्या ऑइलसाठी दाजींनी तिच्याखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठवड्याभराने दाजींनी मला बोलावून घेतलं आणि थेट गच्चीवर नेलं. अक्काने तिथे कुरडया वाळत घातल्या होत्या. दाजी पाण्याच्या टाकीला टेकून बसले, कठड्यावरून खाली गाडीकडे एकदा पाहिलं आणि आवाज बारीक करून म्हणाले, "पाव्हणं, मिस्त्री काय म्हनतोय तुमाला म्हाईत हाय. सगळ्यांला इचारून झालं. आता तुमचं मत काय? तुमी म्हनाल तसं."

मी बोललो. कॉलेजात शिकवणारा माणूस, एकदा सुरू झाला की तास संपेपर्यंत थांबत नाही. जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत, ब्रेकचा भरवसा नाही, अक्काचे गुडघे दुखतात, एप्रिल-मे महिन्यांत एसीशिवाय प्रवास म्हणजे जिवाशी खेळ, तुमचंही आता वय झालं. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. फक्त जे खरं होतं ते मी सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर सारखं एकच चित्र होतं: कार्यालयाच्या दारात बंद पडलेली गाडी, शालू नेसून आत अडकलेली माझी मुलगी, आणि कोट काढून ढकलायला आलेले पुण्याचे व्याही. त्या चित्रासाठी मी अक्काच्या गुडघ्यांचा आधार घेतला. दाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. बदलू मग." इतक्या लवकर ते मान्य करतील असं मला वाटलं नव्हतं. पण मला हायसं वाटलं, हे कबूल करायला हवं.

लग्नाच्या दिवशी दाजींनी नव्या गाडीतून मुलीला कार्यालयात आणलं. ती इतकी लवकर पोचली की तिथे ओवाळायलाही कुणी आलेलं नव्हतं. गाडी झकपक होती, चारी दारं आतून उघडत होती, आणि कुठे वळायचं ते तिच्यातली एक बाई सांगत होती. लग्न छान झालं. व्याह्यांच्या लक्षात गाडी राहिली असेल असं मला वाटत नाही. त्यांना विचारलं तरी ती आठवणार नाही.

पुढे तीन-चार महिने मी माझ्या व्यापात होतो. मग एकदा अक्काचा फोन आला. म्हणाली, "अरं, जरा येऊन जा की. हे कुटं जाईनातच. शेतावर बी पंधरा-पंधरा दिवस जात न्हाईत." मी एका सकाळी लवकरच गेलो आणि दाजींना म्हटलं, चला, मला शेत बघायचंय. ते लगेच उठले. गाडी आवाज न करता निघाली. आम्ही वाटेतलं कुंभारी गाव मागे टाकलं. एसी चालू होता, काचा बंद होत्या. वस्ती जवळ आली तेव्हा रेडिएटरच्या मावशी रस्त्याच्या कडेलाच शेळीला पाला घालत होत्या. त्यांनी मान वर करून गाडीकडे पाहिलं, रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीकडे पाहावं तसं, आणि परत पाला घालायला लागल्या. दाजींनी पाय किंचित ब्रेकवर ठेवला आणि काढला. आम्ही पुढे गेलो.

"दाजी, थांबा की," मी म्हणालो. "मावशी होत्या."

"बगितलं की."

"मग?"

"थांबून काय सांगू? गाडी चांगली चाललीया की."

दाजींना मी जवळजवळ पन्नास वर्षं ओळखतो आणि हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. हा माणूस पराकोटीचा भिडस्त आहे. शेजारी वाटी परत द्यायची असली तरी अक्काला पाठवतो. लग्नात पंगतीला बसायला कुणी हाताला धरून नेईपर्यंत खांबाशी उभा राहतो. कुणाच्या दारात उगीचच, काही कारण नसताना जाऊन उभं राहणं त्याला जन्मात जमलेलं नाही. गाडी बंद पडली की त्याला कारण मिळायचं. ते कारण मी अर्ध्या तासाच्या व्याख्यानात काढून घेतलं होतं, तेही माझ्या अर्ध्या दिवसाच्या प्रतिष्ठेसाठी. मला गाडीत बसवेना.

"दाजी," मी म्हणालो, "त्या दिवशी गच्चीवर मी तुम्हाला खरं कारण सांगितलं नाही. मला व्याह्यांची लाज वाटत होती."

दाजींनी रस्त्यावरून नजर काढली नाही. "म्हाईत हाय की मला," म्हणाले. "साखरपुड्याच्या दिवशीच तुमचं त्वांड बगितलं मी."

"मग मला विचारलंत कशाला? सगळे तर दुरुस्त करा म्हणत होते. तुम्हालाही तेच हवं होतं."

"तुमाला सोताहून मागायला जड गेलं असतं, पाव्हणं. म्हनून इचारलं." आणि मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, हसून म्हणाले, "लगीन झ्याक झालं पन पोरीचं."

आयुष्यभर हा माणूस माझं मत विचारत आला आणि आयुष्यभर मी ते देत आलो. त्याला काय हवं आहे ते एकदाही मी विचारलं नव्हतं, आणि आता विचारून काही उपयोग नव्हता. आम्ही त्यांच्या गावात पोचलो, तेव्हा नऊसुद्धा वाजले नव्हते. बांधावर जाऊन उभे राहिलो. उरलेल्या दिवसाचं काय करायचं हे दोघांनाही समजत नव्हतं.