वजीर बोक्यावरचा आळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांच्यापासून लपवावं असं माझ्याकडे दुसरं काहीच नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही.

सुरुवात कुठून करू? बोक्यापासून करायला हवी, पण तिथंच तर जीभ अडखळते. मग कोंबड्यांपासूनच करते.

संभाजीनगरच्या सातारा परिसरात आमचं घर, मागं अंगण, अंगणापलीकडे नाला. सहा वर्षांपूर्वी हे रिटायर झाले आणि वेरूळच्या बहिणीकडून एक गावरान कोंबडी घेऊन आले, तीही खुडूक. तिच्याखाली अंडी ठेवली आणि एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं! माझा अबोल नवरा खुराड्यापुढे पाट टाकून त्यांच्याशी गप्पा मारायला लागला. इतकं तर हे माझ्याशीही कधी बोलले नाहीत. मला राग यायला हवा होता ना? पण मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि एकटीच हसायची.

नाल्यात मुंगसं फार. खुराड्याच्या दाराखाली फट होती, म्हणून तिथं एक वीट अडकवलेली. "ती वीट हलवायची नाय," हे मला रोज सकाळी ऐकवलं जायचं.

त्याच वर्षीचा मे महिना. आमच्याकडची मेची दुपार कूलरशिवाय निघत नाही, आणि आमचा कूलर एका पायानं लंगडा. पाणी भरलं की खडखड, खडखड. त्या दिवशी हे लग्नाला वैजापूरला गेलेले. घरात शोधलं असतं तर पायाखाली द्यायला दुसरं काहीतरी सापडलं असतं. मी शोधलंच नाही. मागं गेले, वीट काढली, कूलरखाली सरकवली — अगदी मापाची निघाली. कूलर गप्प झाला आणि मला अशी छान झोप लागली म्हणता!

कोंबडीच्या ओरडण्यानं जाग आली. धावत गेले तर मुंगसाची शेपटी दाराखालून बाहेर सरकत होती. चार पिल्लं गेली होती. मी आधी काय केलं असेल? वीट जागेवर आणून बसवली. रडले त्यानंतर.

कुंपणाच्या भिंतीवर वजीर बसला होता. वजीर म्हणजे शेजारच्या विमलताईंचा बोका. त्या रिटायर नर्स, घरात एकट्या, सोबतीला एवढाच. बिचारा पंजा चाटत होता, रोजच्यासारखा.

संध्याकाळी हे आले, खुराड्यात डोकावले आणि खालीच बसले. काय झालं म्हणून विचारलं. आणि मी — मी भिंतीकडे बोट दाखवलं. दार उघडं टाकून दाण्यांसाठी आत गेले होते, म्हटलं, तेवढ्यात वजीर घुसला. इतकं सफाईनं बोलले की माझं मलाच नवल वाटलं.

ह्यांनी भिंतीवरूनच विमलताईंना नाही नाही ते ऐकवलं. तिसऱ्या दिवशी त्या वजीरला पिशवीत घालून जीपनं गंगापूरला निघाल्या, भावाच्या शेतावर सोडायला. पिशवीतून त्याचं डोकं तेवढं बाहेर होतं. मी खिडकीतून पाहत होते. तेव्हा हाक मारता आली नसती का? आली असती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विमलताई बारीक जाळीचा गुंडाळा घेऊन दारात उभ्या. "माझ्या बोक्यानं केलं, तर जाळी बी मीच बांधणार. लई लाज वाटायली मला."

आणि खरं सांगू? तिथून माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा उन्हाळा सुरू झाला. दोघींनी मिळून हातभर खोल चर खणला, जाळी जमिनीत गाडली, वर दगड रचले. घारीसाठी वरूनही जाळी ताणली. दाराला दोन कड्या लावल्या. विमलताई नर्सच्या शिस्तीनं तारेचे टाके घालायची आणि मला दर टाक्याला रागवायची. अहोजाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही. चिखलानं माखून आम्ही अंगणात बसायचो आणि पोट दुखेपर्यंत हसायचो. त्यानंतर आमचं एक पिल्लू गेलेलं नाही. आज बावीस कोंबड्या आहेत, आणि तिचा सकाळचा चहा सहा वर्षं आमच्याच अंगणात होतो.

गेल्या वर्षी गंगापूरहून फोन आला — वजीर गेला. म्हातारा झाला होता. ती कोंबड्यांना ज्वारी टाकता टाकता म्हणाली, "खोडीचा होता गं. पण माझा होता." आम्ही दोघीच होतो. हे बाजारात गेले होते. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी तिच्या हातातलं सूप घेतलं आणि उरलेली ज्वारी टाकली.

वजीरनं काही केलं नव्हतं. मला ते माहीत होतं, आणि ते माहीत असूनही मी ही सहा वर्षं सुखात काढली. त्या फोनच्या दुसऱ्या दिवशीही ती नेहमीच्या वेळेला चहाला आली, आणि ती आली याचा मला मनापासून आनंद झाला.