दोन्ही टोकांना पिन

दत्ताराम पेडणेकरांनी वायरिंग केलेली गाडी कुणाला शॉक देत नाही, असं लालबागमध्ये म्हणतात. डोळे तपासायची गाडी असो की रक्तदानाची, आत ते एक दांडा बसवतात. वर केला की बाहेरची लाइन, खाली केला की जनरेटर. दोन्ही एकदम कधीच नाही. अर्थिंगची तार ते अजून स्वतः ओढून बघतात. गुडघे कुरकुरतात, माणूस पार थकलाय, पण खोड जात नाही.

यंदा गणपतीत संध्याकाळची आरती पेडणेकरांच्या घरची होती. चाळीत बिऱ्हाडं एवढी, की पाळी यायची म्हणजे वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यांच्या बायको कौसल्याबाई दुपारपासून आरतीच्या ताटात गुंतल्या होत्या. आणि नेमकी आरतीच्या तोंडावर लाइट गेली. कोपऱ्यावरचा विजेचा डबा उघडून लाइनमन आत हात घालून बसला.

मांडवामागे रक्तदान शिबिराची गाडी जनरेटरसकट उभीच होती, वायरिंग दत्तारामांचंच. मंडळाचा मयूर हातात वायर घेऊन आला. वायरच्या दोन्ही टोकांना पिन. एक जनरेटरला, दुसरी मांडवाच्या सॉकेटला, की सगळा मांडव झगमगणार. आमच्या मंडळांना बुद्धी सुचते ती अशी.

"मांडवाचा मेन स्विच पाडतो ना मी, काका. टेन्शन नको."

"आणि गर्दीत कुणी वर केला तर? करंट उलटा लाइनवर जाईल. तिथे माणूस बसलाय, मयूर."

"लोक दर्शनाला उभे आहेत. देवाला काय अंधारात ठेवू?"

दत्तारामांनी पकडीने दोन्ही पिना कापल्या आणि गाडीतून वेगळी वायर ओढून देवापुढे दोन बल्ब लावून दिले. मयूर तोंडातल्या तोंडात पुटपुटत गेला आणि जाताजाता त्याने एकाला दुसरी वायर आणायला पिटाळलं. ते दत्तारामांनी ऐकलं.

"चला, ताट तयार आहे," कौसल्याबाई बोलवायला आल्या.

"तू वरदला घेऊन कर. मी इथून हललो की हे पुन्हा जोडतील."

"अहो, एवढी वर्षं थांबलो ती काय मुलाने एकट्याने करायला?"

दत्तारामांना फार वाईट वाटलं. कौसल्याबाई डोळ्याला पदर लावून निघून गेल्या, आणि दत्ताराम जनरेटरसमोर गाडीच्या पायरीवर बसून राहिले. नवी वायर आली, त्यांना तिथे बघून परत गेली. पलीकडे आरती सुरू झाली. वरदचा आवाज त्यांनी ओळखला. टाळ्या वाजवायचंही त्यांना सुचलं नाही.

आरती संपत आली तेव्हा लाइट आली आणि मांडव उजळला. लाइनमन हात पुसत आला आणि त्याने पाणी मागितलं. दत्तारामांनी गाडीतली बाटली दिली.

"गणपतीत पण ड्युटी काय, काका?" तो घटाघटा पिऊन म्हणाला. "आज आरती कुणाची होती?"

"आमची," दत्ताराम म्हणाले.