किल्ली सरांकडे आहे

इंटरनेट मी पहिल्यांदा पाहिलं ते सांगलीच्या एका शिबिरात, ओव्हरहेड प्रोजेक्टरवर. म्हणजे इंटरनेटचे फोटो पाहिले. सभागृहापर्यंत टेलिफोनची तारच आली नव्हती. त्यामुळे पुण्याहून आलेले व्याख्याते एकामागून एक पारदर्शक कागद काचेवर ठेवत होते आणि ‘समजा, आता आपण इथं क्लिक केलं’ असं म्हणत होते. दीड तास आम्ही पन्नासेक ग्रंथपाल समजत बसलो. शेवटी प्रत्येकाला एक सायक्लोस्टाइल कागद मिळाला: पुस्तकप्रेमी, शिक्षक आणि शालेय ग्रंथपाल यांच्यासाठी उपयुक्त संकेतस्थळं. खाली तीस-चाळीस पत्ते. कागद हातात घेतला की शाई बोटांना लागत होती.

मी तेव्हा मेढ्याच्या पुढच्या एका गावात माध्यमिक शाळेत ग्रंथपाल होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. शाळेत संगणक नव्हता आणि टेलिफोन होता तो पावसाळ्यात जो मुका झाला, तो दिवाळी उलटली तरी बोलला नव्हता. ग्रंथालय म्हणजे एक खोली, सहा कपाटं, आणि कोपऱ्यात लेझीम नि दोन ढोल. हे सामान इथून हलवा, असं मी चार वर्षं सांगत होते. कपाटांना कुलपं होती आणि किल्ल्यांचा जुडगा मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात असे. पुस्तक मागायला मूल आलं की मी सरांकडे जायचं, सर वर्गावर असले तर थांबायचं, आणि ते परत येईपर्यंत मधली सुट्टी संपायची. ‘किल्ली सरांकडे आहे’ हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा म्हणायचे की मला त्याची शिसारी आली होती.

तरी मी दारात एक प्रश्नपेटी ठेवली होती. बुटांचा खोका, वर चीर पाडलेली. मुलांनी प्रश्न टाकायचा, मी पुस्तकातून उत्तर शोधून द्यायचं. माझा एक नियम होता आणि तो मी कुणासाठी मोडला नाही: उत्तर तोंडी सांगायचं नाही, पान उघडून दाखवायचं. ऐकलेलं विसरतं, स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं राहतं, असं माझं म्हणणं. आज वाटतं, तो हट्टच होता.

डिसेंबरात नववीतल्या एका मुलीची चिठ्ठी निघाली. लेहला थंडी किती असते? मी तिला बोलावून विचारलं, भूगोलाला आलंय का? ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “न्हाई बाई. आमचं आण्णा हायेत तिकडं. लेहच्याबी वर.”

“मग त्यांनाच विचार की पत्रात.”

“इचारलं. लिवत्यात, आपल्या म्हाबळेश्वरावानी हवा हाय, लय मजेत हाय.” मग जरा थांबून म्हणाली, “खोटं लिवत असतील का ओ?”

आण्णा म्हणजे तिचे वडील, सैन्यात होते. तिच्या आईने त्यांना एक स्वेटर विणून पाठवला होता. पुरतो का, एवढं तिला कळायला हवं होतं. मी सगळी सहा कपाटं धुंडाळली. एका भूगोलात लेहला ‘थंड वाळवंट’ म्हटलं होतं आणि पुढचं पान कुणीतरी फाडलं होतं. नकाशाच्या पुस्तकात लेह होतं, थंडी नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग मला सांगलीचा कागद आठवला.

शनिवारी शाळा सकाळची. शाळा सुटल्यावर एसटीने साताऱ्याला गेले. तिथे एका एसटीडी बूथवाल्याने मागच्या बाजूला पडदा लावून दोन संगणक ठेवले होते. त्याने तारेतून कर्कश कुईकुई आवाज काढला, पाच वेळा काढला, आणि म्हणाला, “मॅडम, आज लाइनच घेत न्हाई. पुढच्या शनिवारी या, सकाळी या.” सकाळी कशी येऊ? सकाळी मला शाळा असते, हे त्याला समजावण्यात अर्थ नव्हता. मेढ्याच्या गाडीने उभ्यानेच परत आले.

पुढच्या शनिवारी लाइन लागली. कागदावरच्या पहिल्या तीन पत्त्यांवर काही निघालंच नाही. चौथा अमेरिकेतल्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंचा होता. वाचनकोपऱ्यात मऊ गिरद्या ठेवा, मुलांना लोळत वाचू द्या, असा त्यांचा सल्ला होता. मी मनातल्या मनात आमच्या ढोलांवर मुलांना लोळवून पाहिलं. नववा का दहावा पत्ता शिक्षकांसाठी होता आणि त्यात देशोदेशींच्या हवामानाची पानं होती. चित्र वरून खाली, ओळी-ओळीने उतरत होतं. लेह दिसलं तेव्हा मी चक्क टाळी वाजवली. मग आकडे आले. जानेवारीचे आकडे उण्यात होते. रात्रीचा आकडा वाचून मी हातातला पेन खाली ठेवला. महाबळेश्वर कुठं आणि हे कुठं.

ते पान छापलं. मुलांच्या इतर प्रश्नांचीही पाने छापून घेतली. सगळी मिळून बावीस भरली. खालच्या समासात मी पेन्सिलने मराठी अर्थ लिहिले. सोमवारी त्या मुलीच्या हातात ते पान द्यायचं, तिने स्वतः बोट ठेवून वाचायचं, अशी मी रविवारभर स्वप्नं बघत होते.

सोमवारी सर दारातच भेटले. ही बातमी त्यांना आधीच कळली होती. गावात काय लपतं? पाने हातात घेऊन त्यांनी ती नव्या नवरीच्या शालूसारखी उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, “बाई, तुम्ही शाळेचं नाव काढलंत. तालुक्यात कुणाकडे इंटरनेटचे कागद नाहीत. दाखल नोंदवहीत चढवा, शिक्का मारा आणि काचेच्या कपाटात ठेवा. तपासणी येतेय.”

“सर, एक पान तरी एका मुलीला आज...”

“पोरांच्या हातात दिलं तर संध्याकाळपर्यंत त्याची विमानं होतील. तपासणी होऊ द्या, मग बघू.”

आता माझं तरी बघा. मी वाद घालायचा तर घातला नाही. ग्रंथपालाचं अंग म्हणा, कागदाला दाखल क्रमांक मिळाला की मलाच बरं वाटतं. मी शिक्का मारला. आमच्यात पुस्तकाच्या ठरलेल्या एका आतल्या पानावर गुपचूप दुसरा शिक्का मारतात, चोरी ओळखता यावी म्हणून. तोही मारला. वर ‘संदर्भ, घरी नेण्यास नाही’ अशी चिठ्ठी डकवली. कुलूप लागलं, किल्ली खणात गेली.

मुलगी मधल्या सुट्टीत आली. “बाई, मिळालं?”

“मिळालं. किल्ली सरांकडे आहे. तपासणी झाली की देते.”

तेव्हाच सांगून टाकलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण पान दाखवायचं होतं ना मला! ती रोज यायची, दारातून नुसती मान उडवायची. मी नुसती मान हलवायचे. तपासणी एकदा पुढे ढकलली, मग दुसऱ्यांदा ढकलली. मी दर चार दिवसांनी सरांकडे जाऊन भांडत होते आणि सर दर चार दिवसांनी “आता आलीच की” म्हणत होते. पुन्हा छापून आणावं म्हणून साताऱ्याला गेले, तर बूथवाल्याचं छपाईचं यंत्र दुरुस्तीला पुण्याला गेलेलं. मला त्या आठवड्यात सगळ्यांचाच राग आला होता. स्वतःचा सगळ्यात जास्त.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिचे वडील रजेवर आले. शाळेला दुपारची सुट्टी होती. ग्रंथालयाच्या पायरीवर एक उंच माणूस उभा राहिला. आमच्या डोंगराकडेला तेव्हाही गारवा होता, मी शाल घेऊन बसले होते. त्यांच्या अंगात नुसता पातळ सदरा होता.

“बाई, पोरगी म्हणत हुती, तुमी कंप्युटरवरनं आमच्या तिकडचा कागद आणलाय.”

“आणलाय,” मी उत्साहाने म्हणाले. “आजच सरांकडून कपाट उघडून घेते, तुम्हीही बघा.”

“तेच सांगाय आलतो. त्यो तिला दावू नगा.”

दोन महिने मी ज्या पानासाठी भांडत होते, ते आता हा माणूस नको म्हणत होता.

“अहो, तिनं विचारलंय. मी खोटं कसं बोलू?”

“खोटं बोलू नका. फकस्त दावू नका.” ते खाली बघत म्हणाले. “मी लिवतो, म्हाबळेश्वरावानी हवा हाय. हिची आई त्यावर झोपती. मला अजून दीड वरीस काढायचंय तिकडं.”

ते गेले. मी चिडले. सैन्यावर, सरांवर, त्या माणसावर, खोट्या पत्रांवर. चिडून मी ढोल एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवले. दुसऱ्या दिवशी, सगळ्या जगाचा नियम असतो तसा, सरांनीच मला बोलावलं. तपासणी रद्द झाली होती. “घ्या बाई तुमची किल्ली,” ते म्हणाले आणि अख्खा जुडगा माझ्या हातात ठेवला.

मधल्या सुट्टीत मुलगी आली. जुडगा माझ्या पदराखाली मुठीत होता.

“बाई, आमचं आण्णा आल्यात. त्यांना हितं उकडतंय म्हणं. पहाटं गार पाण्यानं आंघोळ करत्यात.” तिने काचेच्या कपाटाकडे बघितलं. “आज दावताय का?”

“किल्ली सरांकडे आहे,” मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कपाट उघडण्यासाठी दोन महिने कशी भांडत होते ते तिने पाहिलं होतं. आज मी खुर्चीवरून उठलेही नव्हते.

“ऱ्हाऊ द्या बाई,” ती म्हणाली. “कळलं मला.” मग जाता जाता वळून म्हणाली, “आण्णांना सांगू नका.”