फेब्रुवारीचा मे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — म्हणजे त्याला ठाऊक असणारच, पण मी होऊन कधी बोललो नाही. आज तुम्हाला का सांगतोय? खरंच माहीत नाही. तुम्ही नुसतं ऐका.

इस्माईल आमच्या शिवाजी पेठेतला म्हशीवाला. सकाळी चौकात म्हशी आणून उभ्या करायचा आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात द्यायचा. मी हायस्कूलात इंग्रजी आणि भूगोल शिकवायचो. शाळेला जाताना रोज त्याच्याकडं एक ग्लास ठरलेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट.

त्याचे मामा टांझानियात, अरुशा गावी, मोटारींचं गॅरेज चालवायचे. त्यांचा हात थरथरायला लागल्यापासून पत्रं त्यांचा मुलगा लिही, आणि त्याला इकडची भाषा लिहिता येत नव्हती. इस्माईलला इंग्रजीचा गंध नाही. म्हणून पत्र आलं की माझ्या हातात. मी वाचून मराठीत सांगायचो, तो धार काढता काढता ऐकायचा.

एका पत्रात तिकडच्या विल्डबीस्ट नावाच्या जनावराचं आलं. तोंड घोड्याचं, शिंगं म्हशीची, दाढी बोकडाची — असलं ध्यान, तेही लाखांनी एका माळावर! आणि माद्या बहुतेक सगळ्या दोन-तीन आठवड्यांत वितात. भर सकाळी, उघड्यावर. पिल्लू पाच-सात मिनिटांत उभं राहतं आणि आईमागं पळत सुटतं.

इस्माईलचे हात थांबले. "आणि आडलं तर वढायला कोण असतंय?"

कोणी नाही, म्हणालो. त्याला ते पटेचना. अडलेल्या म्हशींसाठी त्यानं जन्मभर कोपरापर्यंत हात घातलेला. किती रेडकं त्याच्या मांडीवर गेली होती. माणसाचा हात न लागता एवढं सगळं पार पडतं कसं? आणि सगळ्या एकदमच का? चार दिवसांनी त्याचं त्यानंच उत्तर काढलं. "सर, शिंव्ह खाऊन खाऊन किती खाईल? त्येचं प्वाट भरलं की बाकीची वाचली. डोकं हाय की त्यास्नी!"

तिथून आमचं खूळ सुरू झालं. किटलीच्या झाकणावर माझा नकाशा पसरायचा — मुंबईहून बोट, दारेसलामला उतरायचं, पुढं मोटार, शेवटी मामांच्या मुलाचा ट्रक. दोघांनी जायचं. पेठेतली माणसं हसायची, "इथल्या म्हशी कमी पडल्या व्हय रं?" पण खरं सांगतो, त्या दोन वर्षांइतका मजेत मी कधी जगलो नाही. एकच ठरायचं राहिलं होतं — महिना कोणता? तसं पत्रानं विचारलं.

उत्तर आलं. स्वच्छ अक्षरात, खाली रेघ मारून — फेब्रुवारी. मे महिन्यात येऊ नका, कळप लांब गेलेले असतात, पाऊस असतो, ट्रक चिखलात रुततो.

फेब्रुवारी! मॅट्रिकची परीक्षा तोंडावर. हेडमास्तरांनी मला चार दिवस सोडलं नसतं. माझी सुट्टी मे महिन्यात. म्हणजे नकाशा मी काढायचा, पत्रं मी वाचायची, आणि हा एकटा जाऊन बघून येणार? समोर इस्माईल मान वर करून बघत होता.

मी वाचलं — मे.

किती सहज आलं तोंडात! जीभ अडखळलीसुद्धा नाही. मास्तर ना मी!

बोटीच्या भाड्यासाठी त्यानं चंद्रा विकली, त्याची सगळ्यात लाडकी म्हैस. आणि एप्रिलात माझीच गाळण उडाली — एवढा समुद्र, एवढे दिवस. सासूबाई आजारी आहेत म्हणून सांगितलं. सासूबाई ठणठणीत होत्या. तेव्हा तरी बोलायचं होतं ना? "बाबा, थांब, फेब्रुवारीत जा." पण मग मे कुठून आला तेही सांगावं लागलं असतं. मी काय केलं? स्टेशनवर जाऊन त्याला हार घातला.

दोन महिन्यांनी तो परतला. सकाळी चौकात ही गर्दी! सगळे एकच विचारत होते, व्यालेली बघितलीस का? मी ग्लास हातात घेऊन मागं उभा होतो. मामांनी त्याला सांगितलं असणारच की फेब्रुवारी कळवला होता म्हणून.

"न्हाई," तो म्हणाला. "निस्ता पाऊस आन् गवत. पिल्लं पार मोठी हून लांब गेल्याली." मग त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही — अडलेल्या जनावराकडं बघायचा, तसं. "माझाच म्हैना चुकला. सरांनी फेब्रुवारीच वाचून दावल्याला, माझ्याच टकुऱ्यात मे बसला."

लोक हसले. त्याच्या अकलेवर हसले, आणि पुढं कित्येक वर्षं हसत राहिले. तो पुन्हा कधी आफ्रिकेला गेला नाही. आता तो नाही. ते पत्र माझ्याकडं आहे, रेघेसकट.

त्या सकाळी सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मी दुधाचा घोट घेतला, मिशी पुसली आणि म्हणालो, "होतं असं एखाद्याचं."